चर्चच्या वडीलपदासाठी माझं नाव सुचवलंय. मागे घेऊ का?

प्रश्न

प्रिय ताई, सलाम.

आमची मंडळी, म्हणजे आमचं चर्च, प्रॉटेस्टंट आहे. लग्न होऊन या मंडळीत आले तेव्हापासून मी संडेस्कूल घेते. मुलं मोठी झाल्यावर ईशविज्ञानाची पदवीही घेतली. मध्यंतरी आमच्या पाळकसाहेबांची, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंची, बदली झाली आणि नवे पाळक यायला बराच काळ गेला. उपासना कोण चालवणार असा प्रश्न आला तेव्हा मलाच विचारलं. मी वचन सांगितलं, आजाऱ्यांच्या घरी जाऊन प्रार्थना केली, मयताच्या घरी उपासना चालवली. तेव्हा कोणीही हरकत घेतली नाही. फक्त मला पुलपिटावर, म्हणजे उपदेशाच्या व्यासपीठावर, उभं राहू दिलं नाही. खाली, सूचना वाचायचा माईक असतो, तिथून बोलायचं. उपासनेच्या पत्रिकेत इतर वेळी 'उपदेश' छापतात, माझ्या नावापुढे 'साक्ष', म्हणजे नुसतं अनुभवकथन, असं छापायचे.

आता नवे पाळक आले आहेत. मंडळीचा कारभार पाहणाऱ्या वडीलमंडळाची निवडणूक आहे आणि त्यांनी स्वतः माझं नाव सुचवलं. त्यावरून मंडळी ढवळून निघाली आहे. वडीलमंडळातल्या दोन ज्येष्ठ वडिलांनी बायबलमधलं १ तीमथ्य २:१२, म्हणजे स्त्रीने शिकवू नये हे वचन, दाखवून लेखी हरकत घेतली. त्याहून जास्त मला सासूबाईंचं लागलं. त्यांनी आयुष्यभर स्त्रियांची सभा चालवली. त्या म्हणाल्या, "आम्ही कधी पद मागितलं नाही. तुला कशाला हवं?" यजमानांचा मला पाठिंबा आहे, पण ते म्हणतात, मंडळीत फूट पडण्यापेक्षा नाव मागे घे.

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. मंडळीतली एक बहीण नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून मदत मागायला आली. वडीलमंडळात सगळे पुरुष, नवऱ्याच्या ओळखीचे. त्यांच्यासमोर बोलायचा तिला धीर होईना, म्हणून ती माझ्याकडे आली. मी तिचं म्हणणं आत पोचवलं. चर्चा सुरू झाली तेव्हा मला बाहेर बसायला सांगितलं.

मी उभी राहिले तर ते वचनाविरुद्ध होईल का? ही पदाची हाव तर नाही ना? की मंडळीच्या शांतीसाठी गप्प बसू?

– एक बहीण

उत्तर

प्रिय भगिनी, सलाम.

आधी उत्तर देते, कारणं मागून. तुमच्या मंडळीच्या घटनेप्रमाणे स्त्रीला वडील होता येत असेल, तर नाव मागे घेऊ नका.

घटनेचं आधी म्हणते त्याला कारण आहे. 'ख्रिस्ती लोक याबाबत काय मानतात' या प्रश्नाला एकच एक उत्तर नाही. रोमन कॅथलिक चर्चमध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९४ मध्ये स्पष्ट केलं की स्त्रियांना याजकपदाची दीक्षा देण्याचा अधिकारच चर्चला नाही. येशूने बारा प्रेषित निवडले ते पुरुष होते, हा त्यामागचा एक मोठा आधार. ऑर्थोडॉक्स चर्चमध्येही याजक पुरुषच असतात. पण याजकपद बंद असलं तरी कारभाराची दारं कॅथलिक चर्चमध्येही थोडीथोडी उघडत आहेत: २०२५ च्या जानेवारीत सिमोना ब्रांबिल्ला या धर्मभगिनीला व्हॅटिकनच्या एका खात्याचं प्रमुखपद मिळालं, आणि जगभरातल्या साधू-साध्वींच्या संघांचा कारभार त्या खात्याकडे आहे. अमेरिकेतल्या सदर्न बॅप्टिस्टांनी २००० साली आपल्या विश्वासाच्या जाहीरनाम्यात पाळकपद पुरुषांपुरतं राखून ठेवलं. दुसरीकडे काँग्रिगेशनल पंथाच्या अँटोनेट ब्राऊन यांची पाळकपदाची दीक्षा १८५३ मधली आहे. चर्च ऑफ साउथ इंडियाने १९७६ मध्ये पहिल्या स्त्रीला दीक्षा दिली आणि २०१३ मध्ये ई. पुष्पा ललिता यांना बिशप केलं. इंग्लंडच्या चर्चने १९९४ मध्ये स्त्रियांना याजक केलं, २०१५ मध्ये बिशप केलं आणि २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये सेरा मुलाली यांचं नाव कँटरबरीच्या आर्चबिशपपदासाठी, म्हणजे त्या चर्चच्या सर्वात वरच्या धर्मगुरूपदासाठी, जाहीर झालं.

म्हणून आधी आपल्या मंडळीची घटना आणि नियमावली हातात घ्या आणि स्वतः वाचा, कोणाच्या सांगण्यावर राहू नका. वडील कोण होऊ शकतो, मुदत किती, हरकत कोणाकडे घ्यायची, हे सगळं तिथे लिहिलेलं असतं. त्यात पुरुषच हवा असं स्पष्ट असेल, तर लढाई निवडणुकीची राहत नाही. मग नियम बदलण्याचा ठराव रीतसर मांडावा लागेल आणि त्याला वर्षं लागतात. पाळकसाहेबांनी उघडपणे नाव सुचवलं आहे त्या अर्थी तुमच्याकडे तशी आडकाठी नसावी, असं धरून पुढे लिहिते.

आता वचनाचं. ज्या वडिलांनी तीमथ्याला लिहिलेलं पत्र पुढे केलं त्यांना वाईट हेतूचे समजू नका. ते वचन तिथे आहे, आणि साधं वाचलं तर ते जे म्हणतात तेच त्यात दिसतं: स्त्रीने शिकवू नये, पुरुषावर अधिकार चालवू नये, शांत राहावं. त्यांचा सगळ्यात भक्कम मुद्दा पुढच्या ओळीत आहे. पत्र लिहिणारा प्रेषित पौल तिथे आदाम आधी घडवला गेला असं म्हणतो, म्हणजे कारण थेट उत्पत्तीपर्यंत नेतो. 'ते त्या काळापुरतं होतं' एवढं म्हणून हा मुद्दा उडवून लावता येत नाही. तुम्हीही तसं करू नका. तुमच्यापुढे बसलेली माणसं वचनाला मान देणारी आहेत. त्यांच्याशी बोलायचं तर वचनातूनच बोलावं लागेल.

आणि वचनात बोलण्यासारखं खूप आहे. हे पत्र लिहिलं तेव्हा पौलाचा तरुण सहकारी तीमथ्य इफिस शहरात होता. पौलाने त्याला तिथे का ठेवलं हे पहिल्याच अध्यायात आलं आहे: काही लोक भलतंच शिक्षण देत होते, त्यांना आवर घालण्यासाठी. दुसऱ्या पत्रात तर हे खोटे शिक्षक घराघरांत शिरून स्त्रियांना कसे भुलवतात याचं वर्णन आहे. अशा मंडळीत ज्यांना अजून नीट शिकायलाच मिळालेलं नाही त्यांनी आधी शिकावं, लगेच शिकवायला उभं राहू नये, ही सूचना मला समजते. बाराव्या ओळीच्या आधीची अकरावी ओळ बहुतेक वेळा कोणी वाचत नाही, आणि तिच्यात स्त्रीने शिकावं अशी आज्ञा आहे. तुम्ही तर शिकून, पदवी घेऊन उभ्या आहात.

आता गंमत पाहा, याच इफिस शहरात प्रिस्किल्ला राहत होती. प्रेषितांच्या कृत्यांच्या अठराव्या अध्यायात अपुल्लो नावाचा मोठा वक्ता तिथे येतो. शास्त्रात तो पारंगत, पण त्याला फक्त योहानाचा बाप्तिस्मा माहीत. प्रिस्किल्ला आणि तिचा नवरा अक्विला त्याला घरी नेतात आणि देवाचा मार्ग अधिक नीट समजावून देतात. पुढे हाच अपुल्लो करिंथात मंडळीचा आधार झाला. एका स्त्रीने त्याला शिकवलं याबद्दल हे पुस्तक लिहिणाऱ्या लूकने नाराजीचा एक शब्द लिहिलेला नाही, आणि पौल या जोडप्याला आपले सहकारी म्हणतो. तीमथ्याच्या पत्रातली सूचना सगळ्या काळच्या सगळ्या स्त्रियांसाठी असती, तर प्रिस्किल्लाचं हे काम पौलाला खटकायला हवं होतं.

करिंथकरांच्या पत्रातलं 'स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावं' हेही लवकरच कोणीतरी काढेल, म्हणून तेही सांगून ठेवते. ते चौदाव्या अध्यायात आहे. त्याच अध्यायात पौल आणखी दोघांना गप्प बसायला सांगतो: अर्थ सांगणारा कोणी नसेल तर अन्य भाषेत बोलणाऱ्याला, आणि दुसऱ्याला प्रकटीकरण झालं तर आधी बोलणाऱ्याला. या दोघांना कोणी आयुष्यभर तोंड बंद ठेवायला सांगत नाही. शिवाय तीनच अध्याय आधी, अकराव्यात, स्त्री प्रार्थना करते किंवा संदेश देते तेव्हा तिने मस्तक कसं ठेवावं याचे नियम तो देतो. ज्या स्त्रीने तोंडच उघडायचं नाही तिच्या मस्तकाचे नियम कशाला द्यायचे? माझ्या मते चौदावा अध्याय सभेतल्या गोंधळाबद्दल आहे.

रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय सासूबाईंसोबत मोठ्याने वाचा. नुसती नावंच तर आहेत म्हणून आपण तो वगळतो, पण त्या नावांत केवढ्या स्त्रिया आहेत! सुरुवातीलाच किंख्रियाच्या मंडळीची सेविका फिबी. ती पुष्कळांची साहाय्यकर्ती झाली, माझीही झाली, असं पौल लिहितो आणि तिचा मानाने स्वीकार करा म्हणून सांगतो. हे पत्र रोमला तिनेच नेलं असं बहुतेक अभ्यासक मानतात. त्यानंतर प्रिस्का (म्हणजे आपली प्रिस्किल्लाच), मरीया, त्रुफैना, त्रुफासा, पर्सिस. आणि युनिया, जिला पौल प्रेषितांमध्ये नामांकित म्हणतो. या वाक्याच्या अर्थावर आज वाद घालतात, पण चौथ्या शतकातल्या योहान क्रिसोस्तोमने ती स्त्री आहे हे गृहीत धरूनच, प्रेषितांत गणली जाण्याएवढी तिची योग्यता होती म्हणून तिची स्तुती केली आहे.

वडील हा एका स्त्रीचा पती असावा, या ओळीवरही तुम्हाला अडवतील. ती शब्दशः धरायची तर अविवाहित पौलालाही वडील होता आलं नसतं. ती अट निष्ठेची आहे, असं मी मानते. तीमथ्याच्या पहिल्या पत्रात विधवांच्या यादीसाठी 'एका पतीची स्त्री' अशी जोडीची अट आहे.

एवढं सगळं वाचूनही काही जण प्रामाणिकपणे दुसऱ्या निष्कर्षाला येतील. येऊ द्या. दोन्ही बाजूंना देवभीरू, अभ्यासू माणसं आहेत आणि तुमच्या मंडळीतला हा मतभेद एका निवडणुकीने मिटणार नाही. पण तुमच्या मंडळीत जे चाललं आहे ते त्या वचनाचं पालन आहे असं मला वाटत नाही. स्त्रीने शिकवू नये असं ज्यांना मनापासून वाटतं त्यांनी पाळक नव्हते तेव्हाही हरकत घ्यायला हवी होती. त्या महिन्यांत तुमचं वचन चाललं. ते खालच्या माईकवरून आलं आणि पत्रिकेत त्याला दुसरं नाव दिलं, एवढाच फरक केला. पण दहा पावलांवरच्या पुलपिटावरून तेच शब्द बोलले असते तर देवाच्या दृष्टीने काय वेगळं झालं असतं? पौलाच्या पत्रात त्या दहा पावलांचा कुठेही उल्लेख नाही. गरज होती तोवर तुम्ही चालत होतात. ती संपल्यावर वचन आठवलं.

हे मंडळ्यांच्या इतिहासात पुन्हा पुन्हा झालं आहे. ली टिम-ओई ही हाँगकाँगची. दुसऱ्या महायुद्धात मकावमध्ये निर्वासितांची गर्दी झाली होती, आणि तिथे अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतला, याजक पोचू शकत नव्हता. ती डीकन, म्हणजे याजकाच्या खालच्या पदावर, होती. मंडळी ती सांभाळत होती आणि प्रभुभोजनही तीच देत होती. जो याजकाचं काम करतो त्याला याजकाची दीक्षा द्यावी, असं ठरवून बिशप रोनाल्ड हॉल यांनी २५ जानेवारी १९४४ रोजी तिला दीक्षा दिली. अँग्लिकन परंपरेतली ती पहिली स्त्री याजक. युद्ध संपल्यावर मात्र गदारोळ झाला आणि हॉल यांच्यावर वरून दबाव आला. बिशपांना पद सोडावं लागू नये म्हणून १९४६ मध्ये तिने याजक म्हणून काम करण्याचा परवाना परत दिला. दीक्षा मात्र तिने नाकारली नाही. पुढे चीनमध्ये चर्चवर कठीण दिवस आले तेही तिने सोसले. १९७१ मध्ये हाँगकाँगच्या धर्मप्रांताने आणखी दोन स्त्रियांना याजक केलं. पुढे तिची दीक्षाही मान्य झाली, उतारवयात कॅनडात तिने पुन्हा याजक म्हणून सेवा केली आणि १९९२ मध्ये ती प्रभूकडे गेली.

मंडळीच्या शांतीसाठी मागे सरणाऱ्या बाईची गोष्ट म्हणून ही तुम्हाला कोणी ऐकवेल. ती ऐका, पण पूर्ण ऐका. तिने जे सोडलं ते स्वतःहून आणि एका माणसाला वाचवण्यासाठी सोडलं. ज्यांनी तिला त्या कोंडीत आणून उभं केलं त्यांची बाजू त्याने बरोबर ठरत नाही. आणि 'पुरुष मिळाला नाही म्हणून देव स्त्रीला वापरतो' असं कोणी म्हणालं, तर २ राजे, अध्याय २२ उघडा. मंदिरात नियमशास्त्राचा ग्रंथ सापडला तेव्हा योशीया राजाने याजक हिल्कीया आणि इतरांना देवाचा शब्द विचारायला पाठवलं, आणि ते हुल्दा संदेष्ट्रीकडे गेले. यिर्मया तेव्हा संदेष्टा म्हणून काम करत होता, त्याच्या पाचारणाला पाच वर्षं झाली होती. पुरुष नव्हता असं नव्हतं. तरी विचारलं तिलाच, आणि त्या उत्तरावर यहूदातली सुधारणा सुरू झाली.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते सांगते. तुमच्या पत्रात ही गोष्ट हक्काची म्हणून येते, आणि हक्क आहेच. पण त्याहून मोठी गोष्ट जबाबदारीची आहे. पद नसताना नेतृत्व केलं की त्या नेतृत्वाला कोणी जाब विचारू शकत नाही. तुम्ही चुकीचं शिकवलं असतं तर कोणी विचारलं असतं? 'ती तर साक्ष होती' म्हणून सोडून दिलं असतं. तुम्ही बरोबर होतात तेव्हाही तुमचं म्हणणं कुठल्या इतिवृत्तात गेलं नाही. जी माणसं मंडळीचं मन घडवतात ती मंडळीला उत्तर द्यायला बांधील असली पाहिजेत, आणि त्यासाठी त्यांचं काम नावानिशी, मुदतीनिशी, उघड असावं लागतं. पौलाच्या पत्रांतही वडिलांवर आरोप आला तर तो कसा ऐकायचा याचे नियम आहेत. असे नियम नसलेल्या आडोशाला स्त्रियांनी काम करत राहणं ही नम्रता नव्हे. त्यात मंडळीचंही नुकसान आहे.

त्या मारहाण सोसणाऱ्या बहिणीकडे पाहा. तिला नऊ-दहा पुरुषांसमोर, नवऱ्याच्या मित्रांसमोर, अंगावरच्या खुणांबद्दल बोलायचं होतं. तिला ते जमलं नाही यात तिचा दोष नाही. तिने तुम्हाला निवडलं, आणि निर्णयाच्या वेळी तुम्ही दाराबाहेर बसलात. आत काय बोलणं झालं हे तुम्हाला आजही माहीत नसेल. वडीलमंडळात तुमचं नाव असतं तर तुम्हाला उठून जायला कोणी सांगू शकलं नसतं. (इथे निवडणूक सोडून एक सांगते, ते आधी करा: असं प्रकरण वडीलमंडळाने मिटवायचं नसतं. तिचा जीव सुरक्षित राहणं पहिलं. तिला राहायला सुरक्षित जागा, डॉक्टरांची तपासणी, पोलीस आणि वकील यांच्यापर्यंत पोचवा. निवडून आलात तरी आणि नाही आलात तरी.)

सासूबाईंबद्दल. तुम्हाला त्यांचं बोलणं लागलं, पण त्यांना काय लागलं असेल याचा विचार करा. त्यांनी आयुष्यभर जे केलं ते नेतृत्वच होतं: सभा चालवली, पैसे गोळा केले, बाळंतिणींपासून विधवांपर्यंत सगळ्यांच्या घरी गेल्या, वचन सांगितलं. त्याला कोणी नेतृत्व म्हटलं नाही आणि त्यांनीही म्हणवून घेतलं नाही. आता सुनेचं नाव पदासाठी पुढे आल्यावर, आपण केलं ते कमी होतं की काय, असं त्यांना वाटलं असणार. वाद घालू नका. त्यांच्याजवळ बसा आणि त्यांची सभा कशी सुरू झाली ते विचारा. पहिल्यांदा उभं राहून वचन सांगितलं तेव्हा काय वाटलं, कोणी नावं ठेवली का, तेही विचारा. मग सांगा, की तुम्ही जे केलंत तेच मी पुढे नेते आहे, फक्त या वेळी ते कागदावर यावं असं मला वाटतं.

पंडिता रमाबाईंचीही गोष्ट त्यांना सांगा. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर त्या चेल्टनहॅमच्या कॉलेजात शिकत होत्या आणि संस्कृत शिकवतही होत्या. पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याची गोष्ट निघाली तेव्हा भारतात काम करणाऱ्या बिशपांनी हरकत घेतली. रमाबाईंना आश्चर्य वाटलं. माझ्या वडिलांनी माझ्या आईला शिकवू दिलं, माझ्या नवऱ्याने मला शिकवू दिलं, मग इथे का हरकत, असं त्यांनी विचारलं. पुढे याच बाईने मुक्ती मिशन उभं केलं आणि मूळ हिब्रू व ग्रीकवरून सगळं बायबल मराठीत आणलं. सासूबाईंच्या पिढीतल्या बायका रमाबाईंना आपलं मानतात. त्यांचं नाव तुमच्या वादापेक्षा जास्त काम करेल.

यजमानांना माझा सलाम सांगा, आणि हेही सांगा की घरातला पाठिंबा सभेत दिसला पाहिजे. तुमच्या बाजूने तुम्हीच बोलत राहिलात तर लोक त्याला हाव म्हणतील. तेच दोन शब्द त्यांनी उठून सांगितले तर वजन वेगळं पडतं. फुटीची भीती खरी आहे. पण ज्या शांतीसाठी फक्त एकाच बाजूने दरवेळी गप्प बसायचं, ती शांती किती टिकेल हे त्यांनी स्वतःला विचारावं.

आणि हावेचं. ज्याला पदाची हाव असते तो हा प्रश्न विचारत नाही, असं म्हणून मी तुम्हाला सोडणार नाही, कारण ते खरं नाही. माणूस प्रश्न विचारतो आणि हावही धरतो. स्वतःला असं तपासा: उद्या तुमच्याऐवजी मंडळीतल्या दुसऱ्या एखाद्या योग्य बहिणीचं नाव पुढे आलं तर तुम्ही तिच्यासाठी एवढंच झटाल का? उत्तर 'हो' असेल तर निश्चिंत राहा. 'बहुतेक हो' असेल तर प्रार्थना करा आणि तरीही उभ्या राहा. पुरुष उमेदवारांना कोणी हावेबद्दल विचारत नाही, आणि अगदी शुद्ध मनाचा माणूसच पदावर यावा असा नियम केला तर वडीलमंडळ रिकामं पडेल.

उभ्या राहायचं ठरलं की पाळकसाहेबांशी सविस्तर बोला. शक्य असेल तर आणखी एका बहिणीचं नाव सुचवायला सांगा. एकटी स्त्री मंडळात गेली की ती सगळ्या स्त्रियांची प्रतिनिधी होऊन बसते, आणि हिशेब, इमारत, पाळकांची नेमणूक असले विषय निघाले की तिच्याकडे कोणी पाहत नाही. तुम्हाला 'महिला व बालक विभाग' एवढंच देऊ लागले तर नम्रपणे नाही म्हणा आणि हिशेबसमितीतही जागा मागा. प्रभुभोजनाच्या वेळी काही जण तुमच्या हातून प्याला घेणार नाहीत, हे धरून चाला. त्यांना अडवू नका, तोंडावर काही दाखवू नका. दुसऱ्या रांगेतल्या वडिलांकडून त्यांना मिळेल अशी व्यवस्था पाळकांसोबत आधीच करून ठेवा. ज्या दोघांनी लेखी हरकत घेतली त्यांच्या घरी निवडणुकीआधी जा, यजमानांना सोबत न्या, आणि हे सगळे उतारे त्यांच्यासोबत वाचा. मत बदलेल अशी अपेक्षा ठेवू नका. मतभेद कागदावर लढण्यापेक्षा समोरासमोर बसून झाला तर निकालानंतर एकत्र काम करता येतं.

निवडणुकीत पडलात तर संडेस्कूल सोडू नका. मुलांचा यात काही दोष नाही, आणि ते काम तुमच्या नावावर आहे. पण जी कामं बिननावाची चालली आहेत, म्हणजे पाळक गावाला गेले की खालच्या माईकवरून वचन सांगणं, बायकांची गाऱ्हाणी आत पोचवणं, ती यापुढे जुन्या पद्धतीने घेऊ नका. वडीलमंडळाला लेखी कळवा की ही सेवा मी आनंदाने करीन, मात्र ती इतिवृत्तात नोंदवलेली असावी, पत्रिकेत 'उपदेश' म्हणून छापलेली असावी, आणि एखाद्या बहिणीचं प्रकरण मी आणलं तर त्याच्या चर्चेला मला आत बसता यावं. या पत्राची एक प्रत पाळकसाहेबांना द्या आणि एक स्वतःजवळ ठेवा.